घड्याळ थांबवणारा माणूस कुणाचा?

जोलीन सेडलाचेकच्या कचेरीतला वाफेचा हीटर तीन वर्षं नुसता आवाज काढत होता. ऊब म्हणाल तर नावाला नाही. आत कुणाला तरी कोंडलंय आणि तो पाइपावर हातोडा आपटतोय असा ठणठणाट मात्र दिवसभर. एप्रिल अर्धा सरला तरी बाई कोट घालून बसायची आणि कोटाच्या बाह्यांतून दोन बोटं बाहेर काढून टाइप करायची.

कचेरी विधानभवनाच्या तळघरात. वर सोनेरी घुमट, त्याखाली संगमरवर, त्याखाली आमदार, आणि आमदारांच्याही खाली जोलीन. विधिमंडळात काम करणाऱ्या माणसांचे हक्क सांभाळायचे हे तिचं काम. स्वयंपाकी, माळी, लिफ्टवाले, बॉयलरवाले, सगळे तिच्या वाट्याला. वकिलीची सनद भिंतीवर होती, पण हीटरच्या ठणठणाटाने ती दर आठवड्याला तिरकी व्हायची. आता तिने सरळ करणंच सोडलं होतं.

तीन वर्षं ती एकच नियमावली लिहीत होती.

झालं होतं असं की आमदारांनी एक कायदा केला. बँड लावून, झेंडे फडकवून, डोळे पुसत केला. सैन्यातून परत आलेल्या माणसाला सरकारी नोकरीत पहिली संधी. बाकी सगळ्या खात्यांना कायदा दुसऱ्या दिवसापासून लागू. स्वतःच्या घरात मात्र, म्हणजे विधिमंडळात, तो 'वेगळी नियमावली करून' लागू होणार होता, आणि ती नियमावली दोन्ही सभागृहांनी मंजूर करायची होती. म्हणजे ज्या घोड्याला लगाम घालायचा त्यालाच विचारायचं, बाबा रे, तुला कुठल्या रंगाचा आवडेल?

त्यात एक सवलत. आमदाराने स्वतः निवडलेल्या माणसाला हे नियम लागू नाहीत. तेही ठीकच. आमदाराचा सचिव त्याच्या विश्वासातला हवा, ते कुणालाही पटेल. पण या बारीकशा भोकातून अख्खं विधानभवन बाहेर पडायला बघत होतं.

जोलीनने मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या आणि मग बसली कपाळ बडवत. उपाहारगृहाने कळवलं, आमचा स्वयंपाकी हा राजकीय स्वरूपाचा माणूस आहे, कारण सूप वाढताना त्याच्या कानावर गुप्त गोष्टी पडतात. बागेवाल्यांनी कळवलं, पुढच्या वाफ्यात ट्यूलिप लाल लावायचे की निळे हा धोरणात्मक निर्णय आहे. लिफ्टवाल्यांच्या मुकादमाने तर कमाल केली. आमदारांना वर नेणं आणि खाली आणणं ही अत्यंत नाजूक जबाबदारी आहे म्हणे.

"नाजूक!" जोलीन हीटरला म्हणाली. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. "बटण दाबायचं असतं रे मेल्या! दोन बटणं आहेत!"

हीटर म्हणाला, ठण्ण.

वरच्या सभागृहाने नियमावली मार्चमध्ये मंजूर केली, बहुतेक न वाचता. खालच्या सभागृहात मात्र ती बहुमतवाल्यांचा नेता गस स्टोल्झ याच्या टेबलावर येऊन बसली आणि उठायचं नाव घेईना. तो लठ्ठ आणि लाघवी. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय त्याला खोटं बोलता यायचं नाही.

नियमावली का अडली होती, हे सगळ्या भवनाला माहीत होतं. बॉयलरखोलीतला म्हातारा मुख्य कारागीर अधिवेशन संपलं की निवृत्त होणार होता. त्या कायमच्या जागेवर स्टोल्झला आपला भाचा बसवायचा होता. भाचा आधी गाड्या धुण्याच्या धंद्यात होता. तिथे गरम पाण्याशी संबंध आला एवढाच काय तो त्याचा अनुभव.

आणि त्याच बॉयलरखोलीत ओरिन टॅकेट दोन वर्षं हंगामी म्हणून राबत होता. नौदलात जहाजाच्या इंजिनखोलीत आठ वर्षं काढून आलेला गडी. हंगामी माणसाला ना विमा, ना रजा. अधिवेशन संपलं की शुक्रवारी संध्याकाळी त्याची हंगामी नोकरीही संपत होती. नियमावली त्याआधी मंजूर झाली तर जागेची जाहिरात द्यावी लागणार आणि सैन्यातला माणूस म्हणून ओरिनला आधी उभं करावं लागणार. नाही झाली, तर सोमवारी भाचा.

गोष्ट इतकी सोपी होती. म्हणूनच जोलीनचा जीव तीन वर्षं जात होता.

शुक्रवारी सकाळी ती शेवटचं म्हणून स्टोल्झकडे गेली.

"जोलीनबाई!" हात खांद्यावर आलाच. "तुमची नियमावली म्हणजे काय सांगू, दागिना आहे दागिना."

"मग घाला की गळ्यात. आज शेवटचा दिवस आहे."

"घाई कशाला? पुढच्या वर्षी शांतपणे घेऊ. आणि तसंही, आता गरज काय उरलीय? मी सगळ्यांची सोय करून टाकलीय." त्याने खिडकीकडे बघत सांगितलं. "गेल्या महिन्यात आपले आमदार फेन्स्के यांनी सह्या केल्या. बॉयलर, स्वयंपाकघर, लिफ्ट, बाग, सगळी माणसं आता त्यांनी स्वतः निवडलेली. आमदाराची माणसं. तुमच्या नियमात बसतच नाहीत."

"फेन्स्के? ते तर ऐंशीच्या पुढचे! ते बॉयलरखोलीत कधी गेलेत?"

"मनाने गेले."

"मनाने!"

"सैनिकांबद्दल मला किती आदर आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या गाडीवर झेंडा आहे."

जोलीन बाहेर आली ती दात आवळून. जिन्यावर तिने बागेतल्या नव्या ट्यूलिपांना उद्देशून जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. ट्यूलिप लाल होते. ऐकल्यावर आणखी लाल झाले असतील.

दुपारी उपाहारगृहात शुक्रवारचं नेहमीचं जेवण, तिखट राजमा-खिमा आणि त्याच्या जोडीला दालचिनीचा गोड पाव. आमच्या राज्यात हे एकत्रच खातात आणि बाहेरचा कुणी नाक मुरडू लागला तर त्याला पुन्हा बोलवत नाहीत. ओरिन आधीच ताट घेऊन बसला होता. जोलीन समोर धपकन बसली.

"झालं का, बाई?"

"कसलं होतंय! तू म्हणे आमदार फेन्स्केंनी मनाने निवडलेला माणूस आहेस."

"कोण फेन्स्के?"

"तुझे मालक."

"बरे आहेत का स्वभावाने?"

"झोपलेले असतात."

"मग चालतील." त्याने पाव राजम्यात बुडवला. हसला, पण चमचा जरा जोरात आपटला. "सोमवारी कुठेतरी बघावं लागेल. धान्याच्या कोठारावर रात्रपाळी आहे म्हणतात. विमा नाही तिथेपण. पोरीची दम्याची औषधं..." तो पाव चावत राहिला.

जोलीनने गोड पावाचे उगाच चार तुकडे केले. एकही खाल्ला नाही.

"आज संध्याकाळी घरी कधी जाणार?"

"घड्याळ थांबवून झालं की. स्टोल्झसाहेबांचा निरोप आलाय, साडेपाचला शिडी घेऊन तयार राहा. त्यांच्या तलावाचं बिल वरच्या सभागृहात अडकलंय. सहापर्यंत खाली यायचं नाही."

ही आमच्याकडची जुनी तऱ्हा. घटनेप्रमाणे अधिवेशन शेवटच्या दिवशी सहाला संपतं. काम उरलं असेल तर सहाच्या आत कुणीतरी शिडीवर चढून सभागृहातलं मोठं घड्याळ थांबवतं, आणि मग बाहेर चांदणं पडलं तरी आत सहा वाजत नाहीत. सभागृहाच्या वहीत त्या घड्याळाची वेळ लिहितात, कोर्टही तीच मानतं. आमदारांच्या मनगटावर घड्याळं असतात, खिशात फोन असतात, पण त्या दिवशी कुणी तिकडे बघत नाही. लाज नावाची गोष्ट आहे की.

"दरवर्षी तूच चढतोस?"

"दुसरं कोण? आमदारांना तर बंदी आहे ना."

तीही खरी. मागे एक आमदार हौसेने चढला, खाली पडला, आणि त्याने आपल्याच सभागृहावर नुकसानभरपाईचा दावा ठोकला. तेव्हापासून विमावाल्यांची अट अशी की सभागृहात आमदाराने खुर्चीपेक्षा उंच कशावरही चढायचं नाही.

ओरिन पाणी आणायला उठला तेव्हा त्याच्या कमरपट्ट्याला अडकवलेला बिल्ला जोलीनला दिसला. तो पिवळा होता.

"हा कधी मिळाला?"

"गेल्या महिन्यात. आम्हा सगळ्यांचे निळे काढून घेतले आणि हे दिले. का हो?"

जोलीनने पावाचा तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा टाकला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला तो गोड लागला.

निळा बिल्ला सभागृहाच्या माणसाचा आणि पिवळा आमदाराच्या खाजगी माणसाचा. एके काळी आमदार जेवायला जायचे आणि त्यांचे खाजगी मदतनीस त्यांच्या जागी बसून मतांची बटणं दाबायचे. ते उघड झाल्यावर सभागृहाने नियम केला की कामकाज चालू असताना पिवळा बिल्ला आमदारांच्या बाकांभोवतीच्या पितळी कठड्याच्या आत येणार नाही. आणि त्या कठड्यावर मार्शल मिल्टन हास उभा असायचा. हासने एकदा गव्हर्नरच्या बायकोला कठड्यावर अडवलं होतं. आईलासुद्धा अडवलं असतं त्याने, आणि आई खूश झाली असती.

"ओरिन," जोलीन म्हणाली, "तो बिल्ला असा पट्ट्याखाली लपवू नकोस. छातीवर लाव. व्यवस्थित दिसेल असा."

"बस? एवढंच?"

"एवढंच. आणि सांगितलंय तसं साडेपाचला शिडी घेऊन जा. कामात कुचराई नको."

ओरिन जहाजावर आठ वर्षं राहिलेला माणूस. वरिष्ठ माणूस असं गोड बोलायला लागला की काहीतरी शिजतंय, हे त्याला कळायचं. त्याने बिल्ला काढला, फडक्याने पुसला आणि छातीवर लावला.

मग जोलीन तिसऱ्या मजल्यावर गेली. विरोधी पक्षनेत्या वेल्मा गुडनाइट दाराशी बसून मोजे विणत होत्या. अल्पमतात एकोणीस वर्षं काढल्यावर माणूस विणकामात तरबेज होतो.

"वेल्माताई, संध्याकाळी तुम्हाला हरकत घ्यायला आवडेल का?"

"आवडेल का म्हणजे काय, पोरी! मला दुसरं येतं काय? कशाला घ्यायची तेवढं सांग."

साडेपाचला सभागृह गच्च भरलं होतं. जोलीन कठड्याबाहेर, मागच्या भिंतीशी कोट आवळून उभी. स्टोल्झ दर मिनिटाला दाराकडे बघत होता. वरच्या सभागृहातून बिल येईना. घड्याळ पावणेसहा दाखवायला लागलं तसा त्याने हात वर करून चुटकी वाजवली.

दार उघडलं. आधी शिडीचं टोक आलं, मग शिडी, मग ओरिन. कठड्यापाशी मिल्टन हासचा हात आडवा पडला.

"थांब. पिवळा."

"घड्याळ थांबवायला आलोय, मिल्टन. दरवर्षी येतो."

"दरवर्षी निळा होतास."

"माणूस तोच आहे रे!"

"माणूस मी बघत नाही. बिल्ला बघतो."

स्टोल्झ लगबगीने आला. "मिल्टन, अहो, सोडा त्याला. आपलाच आहे."

"कुणाचा, साहेब?" हासने अगदी आदराने विचारलं. "सभागृहाचा की आमदारसाहेबांचा?"

स्टोल्झची नजर मागच्या भिंतीकडे गेली. जोलीन अगदी मनापासून छताकडे बघत होती.

"सभापती महोदय," स्टोल्झ वळून म्हणाला, "आजच्यापुरता नियम बाजूला ठेवावा. सर्वांची संमती गृहीत—"

"हरकत!" वेल्माताईंनी सुई वर केली.

"वेल्मा, अगं निदान ऐकून तरी घे!"

"ऐकते की. ऐकून हरकत घेते."

एकाचीही हरकत आली की नियम बाजूला ठेवायला दोनतृतीयांश मतं लागायची, आणि ती स्टोल्झकडे नव्हती. घड्याळात दहा मिनिटं राहिली. मागच्या बाकावरचा एक शेतकरी आमदार बाह्या सरसावत उठला, "मी चढतो, रोज कोठारावर चढतो," तर चार जणांनी त्याला विम्याची आठवण देत ओढून खाली बसवला. कुणीतरी म्हणालं, उपाहारगृहातला स्वयंपाकी आणा. तोही पिवळा. लिफ्टवाला? पिवळा. माळी? ट्यूलिपसकट पिवळा. स्टोल्झने फेन्स्केंच्या सह्या घेऊन सगळं भवन पिवळं करून टाकलं होतं. निळा बिल्ला उरला होता एकट्या हासकडे, आणि हासचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले.

"मग याला आत्ताच्या आत्ता निळा द्या!" स्टोल्झ ओरडला.

"फेन्स्केसाहेबांनी निवडलेला माणूस आहे," हास म्हणाला. "त्यांनी सोडल्याशिवाय निळा कसा देऊ?"

सगळ्यांनी फेन्स्केंकडे बघितलं. फेन्स्के झोपले होते. हलवून जागं केल्यावर ते म्हणाले, "बाजूने," आणि पुन्हा झोपले.

तेव्हा स्टोल्झ जोलीनपाशी आला. या खेपेला हात खांद्यावर नव्हता.

"तुम्ही केलंत हे."

"मी? मी तर मागे उभी आहे, साहेब. सह्या तुम्ही घेतलेल्या, बिल्ले तुमचे, नियम तुमच्या सभागृहाचा. मी फक्त तीन वर्षं हरकती वाचल्या." इतकं म्हणून तिने थांबायला हवं होतं, पण तीन वर्षांची वाफ कुठेतरी निघणारच. "लिफ्ट नाजूक आहे म्हणे! सूप गुप्त आहे म्हणे! घ्या आता, घड्याळसुद्धा खाजगी झालं तुमचं!"

"काय हवंय ते बोला. आठ मिनिटं राहिलीत."

"तुमच्या टेबलावर दागिना पडलाय ना, तो घाला गळ्यात. त्यात लिहिलंय, इमारत चालवणारा माणूस सभागृहाचाच, कोणीही सही केली तरी. मंजुरीच्या क्षणापासून लागू. मंजूर झाली की पिवळे बिल्ले बाद. मग ओरिन आत येतो."

"आणि सोमवारची जागा?"

"जाहिरात निघेल. भाच्यालाही अर्ज करता येईल. ओरिनच्या मागे उभं राहून."

स्टोल्झने घड्याळ बघितलं, मग दार बघितलं. तलाव त्याच्या मतदारसंघात होता आणि तलावाच्या काठाला दोन वर्षं त्याच्या नावाची पाटी तयार होती. भाचा बहिणीचा होता, पण निवडणूक स्वतःची होती. तो टेबलाकडे पळाला. त्या देहाला पळताना बघून सभागृहात टाळ्या पडल्या.

"सभापती महोदय, माजी सैनिकांबद्दल मला अपार आदर आहे," त्याने सुरुवात केली.

"भाषण नको!" साठ गळे एकदम.

सभापतींनी नियमावलीचं नाव वाचलं आणि बाजूने असतील त्यांना हो म्हणायला सांगितलं. एवढा मोठा होकार त्या घुमटाने बँड वाजवून केलेल्या कायद्याच्या वेळीही ऐकला नव्हता. विरोधात?

सगळे वेल्माताईंकडे बघत राहिले. त्यांनी टाके मोजले. सावकाश मोजले. एक टाका चुकला म्हणून पुन्हा मागे गेल्या. स्टोल्झने रुमाल चावला.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "विरोध कशाला?"

हातोडा पडला. हासने ओरिनच्या छातीवरचा पिवळा बिल्ला काढून खिशात टाकला, दुसऱ्या खिशातून निळा काढून लावला आणि हात बाजूला केला. निळा त्याच्या खिशात आधीपासून कसा होता, हे कुणी विचारलं नाही. ओरिन शिडी टेकवून चढला आणि सहाला तीन मिनिटं असताना त्याने लंबक धरला. धरून तो खाली बघत राहिला. सगळे आमदार माना वर करून त्याच्याकडे बघत होते, आणि त्यातला एकही त्याला हलवू शकत नव्हता.

"उतर की रे आता!" स्टोल्झ म्हणाला.

"उतरतो, साहेब. इथून छान दिसतंय."

तलावाचं बिल शेवटी आलं. तेव्हा बाहेर दिवे लागून बराच वेळ झाला होता आणि आत सहाला तीन मिनिटं होती.

जागेची जाहिरात निघाली. सोमवारी नाही, मे संपताना, कारण कामगार खात्याला ती जाहिरात कुठल्या मथळ्याखाली द्यायची ते कळेना आणि त्यासाठी जोलीनला आणखी तीन खुलासे लिहावे लागले. मधले सहा आठवडे ओरिनने धान्याच्या कोठारावर रात्रपाळी केली आणि पोरीच्या औषधांसाठी मेव्हण्यापुढे हात पसरला. भाच्याने अर्ज केला होता. मुलाखतीत त्याला बॉयलरचा दाब कसा मोजतात ते विचारलं तर तो म्हणाला, हाताने. जूनमध्ये ओरिनला पत्र मिळालं. कायमची जागा, विमा पहिल्या दिवसापासून.

त्या दिवशी जोलीन पेढ्यांसारखे दालचिनीचे पाव घेऊन तळघराच्याही खालच्या बॉयलरखोलीत गेली. नवे मुख्य कारागीर टेबलावर पाय टाकून बसले होते.

"अभिनंदन. आता एक काम कर. माझा हीटर. तीन वर्षं गारठतेय मी. पुढचा हिवाळा यायच्या आत बघ."

ओरिनने पाव घेतला, चावला आणि गंभीर तोंड केलं.

"बघतो ना, बाई. अर्ज द्या. आधी मसुदा करू, मग हरकती आणि सूचना मागवू."

"ओरिन!"

"माळ्यांचं म्हणणंही ऐकावं लागेल," तो म्हणाला, आणि पाना उचलून तिच्या मागे जिना चढायला लागला.